न निवडलेली मूठ

आता आमच्या ख्रिस्ती देवळात सणासुदीला पाकिटं वाटतात. पाकिटावर छापलेलं असतं, छळ सोसणाऱ्या आणि लपूनछपून उपासना करणाऱ्या मंडळ्यांसाठी दान. वर कुठल्या तरी लांबच्या देशाचं चित्र असतं. माणसं आत काहीतरी सारतात, कड जिभेनं ओली करून चिकटवतात आणि ताटात टाकून मोकळी होतात. मीही टाकते. पण टाकायच्या आधी माझी बोटं ते पाकीट उगाच चाचपत राहतात, आत खडाबिडा आहे का बघितल्यासारखी. परवा शेजारची बाई म्हणाली, "मावशी, फाडताय की काय पाकीट?" म्हटलं, तुला काय करायचंय गं, तू तुझं बघ. तिला काय सांगणार? दान निवडून द्यावं लागतं, न निवडता दिलं तर ते घेणाऱ्याच्या जिवावर बेततं, हे बाकावर बसल्या बसल्या सांगण्यासारखं नाही. म्हणून लिहून ठेवते.

लढाईची वर्षं होती. मी नगरात राहत होते, बाविशीची असेन. मिशनच्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. नवरा लष्करात मोटार चालवायला लागला होता आणि त्याला ब्रह्मदेशाच्या बाजूला पाठवलं होतं. घरात मी आणि सासूबाई, दोघीच. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. सासूबाईंची जीभ तिखट, पण हात सोन्याचा. मंडळीची मूठ त्यांच्या ताब्यात असायची.

मूठ म्हणजे काय ते सांगते, आता ती चाल राहिली नाही. आमच्या मंडळीतली प्रत्येक बाई सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकाला बसली की आधी एक मूठ धान्य बाजूच्या मडक्यात टाकायची आणि मग आपल्या भाकरीचं बघायची. घरात चार माणसं असोत की चौदा, मूठ तेवढीच. रविवारी ते मडकं पदराखाली घेऊन देवळात यायचं आणि वेदीपुढच्या मोठ्या टोपलीत ओतायचं. गरिबातल्या गरीब बाईलाही देण्यासारखं काहीतरी असायचं, ही त्यातली गोम. आणि ज्या घरात जे शिजे तेच मुठीत येई. दवाखान्यातल्या नर्सबायांकडून तांदूळ, रेल्वेतल्या घरांकडून गहू, बाकी कुणाची ज्वारी, कुणाची बाजरी, मध्येच हरभऱ्याचे दाणे. टोपलीत सगळं एक होऊन जायचं. पाळकसाहेबांना ते फार आवडे. उपदेशात म्हणायचे, बघा, सगळे दाणे कसे एक झाले. सासूबाई घरी येऊन लुगड्याचा ओचा खोचत म्हणायच्या, "त्यांना काय जातंय बोलायला! वेगळे आपल्याला करायचेत."

वेगळे का करायचे, त्यालाच कारण होतं. त्या वर्षांत आमची मूठ गोदावरीच्या काठच्या एका गावी जात होती. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या महारवाड्यातली पाच घरं आतून ख्रिस्ती झाली होती. आमचीही माणसं दोन पिढ्यांमागं अशाच वाड्यातून नगरला आलेली, त्यामुळे तिकडचं सगळं आम्हाला सांगावं लागत नसे. त्या पाच घरांची म्होरकी एक बाई होती, गावची सुईण. सगळे तिला आक्का म्हणत. कधी काळी एका अडलेल्या बाईला घेऊन ती नगरच्या मिशन दवाखान्यात आली, तिथं आठ दिवस राहिली, तिथलं ऐकून गेली आणि परत गेल्यावर शेजारच्या चार घरांना सांगितलं. एवढंच. ना बाप्तिस्मा, ना नाव बदललं, ना भिंतीवर काही टांगलं.

उघड व्हायची सोयच नव्हती. त्याच वस्तीतल्या एका घरानं पूर्वी उघड बाप्तिस्मा घेतला होता. गावानं त्यांच्या छपराचे वासे उपसून नेले, पाणी तोडलं. ती माणसं मनमाडच्या बाजूला खडी फोडायला गेली ती परतलीच नाहीत. त्यामुळे या पाच घरांचं काम अळीमिळी गुपचिळी. तरी एका जत्रेत यांनी देवीपुढच्या बोकडाचा वाटा घेतला नाही आणि पाटलाला संशय आला. पुरावा नव्हता, म्हणून त्यानं वस्ती उठवली नाही, नुसतं वर्षाचं बलुतं बंद केलं. मजुरीला मात्र बोलवायचा. लढाईनं माणसं नेली होती, खुरपायला हात लागत होतेच ना त्याला! मजुरी मिळे, पण दाणा मिळेना. रेशनचे दिवस, आणि गावात यांना कोण विकणार? म्हणून आमची मूठ तिकडं जाई. पण आमच्याकडून काही येतंय असा पुरावा एकदा पाटलाच्या हाती लागला, की पाचही घरांचे वासे निघणार हे आम्हाला पक्कं माहीत होतं.

ते गाव बाजरीचं. सकाळ-संध्याकाळ बाजरी, सणाला गहू, आणि तांदूळ म्हणाल तर कुणाच्या लग्नात दिसला तर दिसला. अशा गावात मिसळीचे दाणे कुणाच्या घरात निघतील? एक तर भिकाऱ्याच्या झोळीत, नाहीतर मिशनवाल्यांकडून आलेल्या गाठोड्यात. म्हणून निवडायचं. आधी चाळणीनं बाजरी खाली पाडायची, मग सुपात पाखडायची, मग उरलेलं डोळ्यांत तेल घालून हातानं. तांदूळ, गहू, ज्वारी मिशनच्या बोर्डिंगला द्यायची आणि बदल्यात बाजरी घ्यायची. दोन दिवस माना मोडायच्या. सासूबाई एकेक दाणा वर धरून मला दाखवत, "हा एक राहिला असता बघ. एका दाण्यानं घर बुडवशील कुणाचं तरी."

मी ते गाठोडं घेऊन जायची, पंधरा दिवसांनी एकदा. जास्त दाणा गाडीत सापडला तर पोलीस खाली उतरवत, म्हणून थोडं थोडं. नगरहून गाडीनं पुणतांब्याला. तिथला बाजार आणि तिथला घाट, दोन्हीकडं खेड्यापाड्यांच्या बाया येतात, त्यात मी खपून जायची. फक्त एक करावं लागे. आमच्यात बायांनी कुंकू सोडलं होतं. आणि पांढऱ्या कपाळाची तरणी बाई घाटावर दिसली तर ती एक तर विधवा नाहीतर मिशनची. म्हणून राहुरी सुटली की मी डबी काढून कुंकू लावायची आणि परतताना राहुरी आली की पुसायची. नवऱ्याला हे पत्रातून कळवलं तर त्यानं लिहिलं, घरी कधी लावलं नाहीस, आता गाडीला दाखवतेस होय! त्याची चेष्टा अशीच असायची.

आक्का घाटाच्या खालच्या पायरीवर गोवऱ्यांची पाटी घेऊन बसलेली असे. गाठोडं पाटीत जाई, वर गोवऱ्या. पहिल्या खेपेलाच तिनं मला सुनावलं होतं.

"भीक म्हनून आनलं आसंल तर परत ने. आमच्या सासवा दारोदार भाकरी मागून जगल्या. म्या प्रभूच्या पायाशी हात जोडलं तवाच ठरवलं, आता हात पसरायचा न्हाई. बहिनीचा वाटा म्हन, मंग घेते."

"बहिणीचाच आहे," म्हटलं.

"आन् बहिनीचं भांडं रिकामं धाडत न्हाईत," असं म्हणून तिनं माझ्या पदरात चिंचेचा गोळा टाकला. तेव्हापासून तिनं मला एकदाही रिकाम्या हातानं पाठवलं नाही. कधी चिंच, कधी शेवग्याच्या शेंगा, काहीच नसलं तर दोन गोवऱ्या. दोन गोवऱ्या घेऊन मी नगरपर्यंत गाडीतून आलेली आहे, आता काय सांगू!

एकदाच मी त्यांची उपासना पाहिली. त्या पाच घरच्या बाया मला त्यांची पाहुणी म्हणून शेतावर घेऊन गेल्या. पाटलाच्याच रानात खुरपणी चालली होती. पाच बाया पाच पाती, म्हणजे पिकाच्या ओळी, धरून उकिडव्या बसल्या, मी सहावी. खुरपी चालू, माना खाली, पदर तोंडावर. आक्का मधली. ती पुटपुटायची आणि ते दोन्हीकडं सरकत जायचं. कुणाच्या तापाची प्रार्थना, कुणाच्या दारुड्या नवऱ्याची, त्या बलुत्याची. आमेन म्हणायच्या जागी खुरप्याची मूठ मातीवर एकदा आपटायची. बांधावरनं मुकादम ओरडला, "ह्या बाया बघा, लई मुकाट काम करत्यात. न्हाईतर तुमी, नुसत्या टकळ्या!" माझ्या शेजारचीला हसू आलं, तिनं पदर तोंडात कोंबला. मी नगरच्या दगडी देवळात वाढले, पण खाली मान घालणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

मग तार आली.

मंगळवारी आली. इंग्रजी होती म्हणून शाळेतल्या मास्तरांनी वाचून दाखवली. वाचून झाल्यावर ते उभेच राहिले. मी विचारलं, "ही तार आपल्याकडं ठेवायची असते की सही करून परत द्यायची?" त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि चष्मा काढला. मला खरंच तेवढंच जाणून घ्यायचं होतं. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं, आत गेल्या आणि भिंतीकडं तोंड करून निजल्या. मंडळीतल्या बाया आल्या, रडल्या, भाकऱ्या ठेवून गेल्या. एक म्हणाली, "अगं रड, रड, मोकळी हो." मी तिला म्हटलं, "रडते नंतर." रडू येत नव्हतं तर काय आणू कुठून? अंगाला बधिरी आली होती. पायाला मुंग्या आल्यावर पाय आपला वाटत नाही, तसं सगळंच.

शुक्रवारी पुणतांब्याला जायचा दिवस होता. कुणी मला जा म्हटलं नाही आणि कुणी जाऊ नको असंही म्हटलं नाही, कुणाच्या लक्षातच नव्हतं. माझ्या लक्षात होतं. टोपलीतले दाणे तसेच कोपऱ्यात पडले होते, मंगळवारी सूप खाली ठेवलं तेव्हापासून. मी त्यांच्याकडं बघितलं. दाणा तो दाणा, म्हटलं. भूक काय बाजरी-गहू बघून लागते? आणि होते तसे गाठोड्यात भरले. हे मला कळत नव्हतं असं नाही. सगळं कळत होतं, पण हात सुपाकडं जाईना. त्या वेळी मला कुणी सांगितलं असतं की घराला आग लागली आहे, तर मी म्हटलं असतं, बरं.

राहुरी सुटली. डबी काढली, कुंकू लावलं. तो होता तोवर त्याच्यासाठी कधी लावलं नाही आणि आता लावत होते. काहीच वाटलं नाही. लाज वाटते म्हणून नव्हे, होतं तसं लिहिते.

घाटावर आक्का होती. तिनं गाठोडं घेतलं, उघडून बघितलं नाही. कधीच बघत नसे. माझ्या तोंडाकडं मात्र बराच वेळ बघत राहिली.

"बरं हाय न्हवं?"

"हाय की."

तिनं मला शेवग्याच्या शेंगा दिल्या. मी आले.

पुढचे पंधरा दिवस मी शाळेत काजं कापली आणि मुलींच्या शिवणी चुकल्या तर उसवून दिल्या. सासूबाई दहाव्या दिवशी उठल्या. उठून पहिलं काम काय केलं असेल तर चाळण काढली. निवडता निवडता मला विचारलं, "मागच्या खेपेला तू एकटीनं निवडलंस?"

"हो," मी म्हटलं. तोंड वर करूनसुद्धा बघितलं नाही.

शुक्रवारी घाटाच्या खालच्या पायरीवर आक्का नव्हती. गोवऱ्यांची पाटीही नव्हती. मी दोनदा खाली-वर केलं. घाटाच्या वरच्या अंगाला भिकाऱ्यांची ओळ बसते, लुळेपांगळे, म्हाताऱ्या, त्यांच्यापुढं फडकी पसरलेली. तिसऱ्यांदा तिथनं जाताना ओळीतून हलकेच आवाज आला, "माज्याकडं बगू नगं. दानं वाट समद्यांस्नी."

ती आक्का होती. पुढ्यात फडकं, डोईवरून पदर ओढलेला.

मला काय करायचं ते कळलं. स्नान करून वर येणाऱ्या बाया ओळीतल्या प्रत्येकाला मूठमूठ दाणे घालत जातात, तशी मी सुरू झाले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं, परत यायचं. पिंपळाखाली पाटलाचा गडी बिडी ओढत बसला होता, हे मला दुसऱ्या फेरीत दिसलं. आक्कापुढं वाकले की तिचं एक वाक्य कानावर पडे. पुढचं ऐकायला पुन्हा सगळ्या ओळीला दाणे घालत यावं लागे.

"घरात अंधार, दानं निवडाय दिसंना. म्हनून सूप घिऊन दारात उन्हाला बसले."

मी पुढच्या म्हाताऱ्याला मूठ घातली. त्यापुढच्या आंधळीला. परत फिरले.

"तेवढ्यात पाटलाची मोलकरीन आली. त्येंच्या सुनंला कळा लागल्या म्हनून बोलवाय. तिनं सुपात तांदूळ बगितला."

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. इथं तर भात शिजायचीसुद्धा वाट बघावी लागली नाही. आणखी एक फेरी.

"चावडीवर उभं केलं. इचारलं, मिसळ कुठनं आली? मिशनचं नाव घिऊ का काय करू? म्हनलं, भीक मागितली. पुनतांब्याच्या घाटावर."

मी तिथंच थांबले. ती दातांतल्या दातांत म्हणाली, "हाल की!" मी हालले.

उरलेलं पुढच्या फेऱ्यांत कळलं. पाटील म्हणाला होता, भिकारणीचा हात माझ्या नातवाला नको. दुसऱ्या गावची सुईण आणली, आणि मग सगळ्या गावानंच आक्काला बाळंतपणाला बोलवायचं सोडलं. वर पाटलानं बजावलं, भीक मागतीस ना? मग माग. दर बाजाराला माझा गडी येऊन बघंल. नाही दिसलीस तर समजेन खोटं बोललीस, आणि पाचही घरं उठवीन. तेव्हापासून ती दर बाजाराला येऊन बसत होती. जिनं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, हात पसरायचा नाही म्हणून, तिच्यापुढं फडकं होतं आणि मी त्यात दाणे टाकत होते.

"पाच घरं जागच्या जागी हायती," ती शेवटी म्हणाली. "पातीवर बसतोय आमी. आन् आता निवडून आनू नगं. साफ बाजरी बगून गडी इचारील. मिसळच पायजे आता."

झालं. नगरला येऊन मी बायांना सांगितलं. आक्का भीक मागते, पाटलानं बसवलं, एवढंच. माझ्या सुपाचं काही बोलले नाही. बायांनी पाटलाला शिव्याशाप दिले आणि कामाला लागल्या. तेव्हापासून मूठ निवडायची बंद झाली. टोपलीतून तशीच पिशव्यांत भरायची, आणि दोघी दोघींनी पाळीपाळीनं पुणतांब्याला जायचं, राहुरीला कुंकू लावून. घाटावर सगळ्या ओळीला मूठमूठ वाटायची, आक्कापुढं आली की मूठ मोठी करायची. पाच घरांचं जेमतेम भागे, बाकी त्या घाटावरचे लुळेपांगळे आमच्या मुठीवर जगत. पाळकसाहेब म्हणाले, प्रभूनं वाईटातून चांगलं केलं. कोपऱ्यातल्या सुपावर धूळ बसली, सासूबाई तिच्याकडं बघायच्या आणि माझ्याकडं बघायच्या. मी बघायची नाही.

असे सात-आठ महिने गेले. मी खात होते, शिकवत होते, झोपत होते. लोक म्हणत, धीराची आहे. धीर कसला, डोंबल! मला कशाचंच काही वाटत नव्हतं, त्याला लोक धीर म्हणत होते. फक्त एक गोष्ट टोचायची. आक्काच्या पुढ्यात वाकले की तिचे हात दिसायचे. त्या हातांनी गावातली निम्मी पोरं जगात आणली होती. ते हात आता फडक्याची टोकं धरून बसलेले असत.

एका शुक्रवारी माझ्या जोडीदारणीला ताप भरला, मी एकटीच गेले. बाजार विरळ होता. गडी पिंपळाखाली नेहमीसारखा बसलेला. मी ओळीत दाणे घालत आले, आक्कापुढं वाकले, आणि तोंडून गेलं, "आक्का, त्या वेळी मी निवडलं नव्हतं."

पुढं गेले. आंधळीला घातले, म्हाताऱ्याला घातले. टोकाला जाऊन परत फिरले. मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल आणि मी ते ऐकून घेईन, मग जे व्हायचं ते होवो.

"ठाव हाय," ती म्हणाली. "त्या दिशी तुजं कुकू वाकडं हुतं. कवा वाकडं नसतं. म्या तवाच म्हनलं, हिच्यावर कायतरी कोसळलंय."

मी दाणे टाकायला विसरले. हात तसाच राहिला.

"कोन गेलं?"

इतक्या महिन्यांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. नगरात सगळ्यांना माहीतच होतं, विचारणार कशाला?

"मालक," म्हटलं.

"कुठं?"

"लढाईत. मी पाहिलंसुद्धा नाही."

तिचा हात फडक्याखालून आला आणि तिनं माझ्या मुठीत काहीतरी कोंबलं. दाणे होते. मूठभर. "रोज चूल पेटवायच्या आदी बाजूला ठेवतीया," ती म्हणाली. "आमी बी मंडळीच हाय ना? माजी मूठ टोपलीत टाक. बहिनीचं भांडं..." आणि तिथंच थांबली, कारण पिंपळाखालचा गडी उठून आमच्याकडं बघत होता. एका भिकारणीपुढं एवढा वेळ कोण वाकतं?

आक्कानं लगेच दोन्ही हात वर केले आणि भिकारणी ओरडतात तशी सगळ्या घाटाला ऐकू जाईल अशी ओरडली, "देव भलं करो गं बाई तुजं! तुजा धनी शंभर वर्सं जगो! तुजं कुकू आमर ऱ्हावो!"

ओरडता ओरडता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. गड्याला वाटलं असेल, मोठी मूठ मिळाली म्हणून रडते. तो परत खाली बसला.

मी कपाळाला हात लावून तो आशीर्वाद घेतला. घ्यावाच लागला, नाहीतर पाच घरं गेली असती. मग उठले आणि स्टेशनपर्यंत चालत गेले. मूठ तशीच आवळलेली. गाडीत बसले, राहुरी आली, राहुरी गेली. कुंकू पुसायला एक हात मोकळा होता, पण पुसलं नाही.

दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्या कपाळाकडं बघितलं. पदराचं टोक जिभेनं ओलं केलं, माझी हनुवटी धरली आणि कुंकू पुसलं, हळूहळू, लहान पोराचं तोंड पुसावं तसं. तेव्हा मी रडले. उंबऱ्यातच बसले आणि बोंब मारून रडले, आळीतल्या बाया धावत आल्या. सासूबाई माझ्याशेजारी टेकल्या आणि त्याही रडल्या, त्यांच्या लेकासाठी, पहिल्यांदाच माझ्यासमोर.

बऱ्याच वेळानं मी मूठ उघडली. बाजरी, गहू, ज्वारी, मध्येच तांदूळ, एखादा हरभरा, सगळं घामानं तळहाताला चिकटलेलं. मी त्यांना सगळं सांगितलं, सुपाचंही. मग सवयीनं त्यांनी कोपऱ्यातलं सूप पुढं ओढलं, फुंकर मारून त्यावरची धूळ उडवली.

"राहू द्या, आत्याबाई," मी म्हटलं. "हे असंच जाऊ दे टोपलीत."